सुरक्षित जागा कुठली?

तेंदूपत्ता तोडणारी बाई कमरेत वाकलेली असते. पान बोटं शोधतात; डोळे मात्र डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दुसऱ्या दिवशीही हंगाम होताच.

डोळ्यांच्या याच हालचालीवर एक उपचारपद्धती उभी आहे. १९८७ साली फ्रान्सिन शपिरो या अमेरिकी बाईंना बागेत फिरताना जाणवलं, की डोळे भराभर इकडून तिकडे गेले की छळणारा विचार बोथट होतो. १९८९ मध्ये त्यांनी आपला अभ्यास छापला. तीच आजची ईएमडीआर. रुग्णाने प्रसंग आठवायचा आणि नजरेने उपचारकाच्या हलत्या बोटाचा माग घ्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावविकारासाठी तिची शिफारस केली.

गुण येतो यावर आता फारसा वाद नाही. भांडण आहे ते बोटावरून. २००१ च्या एका एकत्रित विश्लेषणाने बोटाला काही श्रेय दिलं नाही, २०१३ च्या दुसऱ्याने दिलं. मला पटतो तो स्मृतीच्या तोकडेपणाचा खुलासा. मनाच्या ओट्यावर जागा थोडी. आठवण आणि बोट दोन्ही एकदम मावत नाहीत. आठवण फिकी पडते आणि फिकी होऊनच परत आत जाते. मनातल्या मनात उलटे आकडे मोजायला लावूनही प्रयोगांत असं घडलं आहे. मग ७० पानांचा पुडा मोजून बांधता बांधता शेजारणीला सांगितलेली हकिगतही अशीच फिकी पडत असेल? हे संशोधन नव्हे, माझी आपली शंका.

खरी अडचण बोटाच्या आधीच येते. या उपचाराचे आठ टप्पे, बोट चौथ्यात. त्याआधी, दुसऱ्या टप्प्यात, रुग्णाला निवांत, सुरक्षित वाटणारी जागा डोळ्यांपुढे आणायला सांगतात. ब्रह्मपुरीकडच्या बाईला काय सुचवाल? मोहाची सावली? पहाटे फुलं वेचताना वाघ गाठतो तो तिथेच. शिवाय ‘आघातोत्तर’ या शब्दातलं ‘उत्तर’ इथे लागू पडत नाही. वाघ गावामागच्या नाल्यात आहे आणि उद्या पुन्हा त्याच रानात जायचं आहे. दवाखान्यात जी भिरभिरती नजर लक्षण ठरेल, तीच रानात जीव वाचवते. रात्रीची दचक काढून दिवसाची सावधगिरी तेवढी शाबूत ठेवायची, हे काम नाजूक; त्यात गडचिरोलीत ते गोंडी-माडियात करावं लागेल.

वाघाने माणूस मारला तर सरकार २५ लाख देतं. डोळ्यांदेखत सोबतीण गेली आणि आपण वाचलो, याचा पंचनामा होत नाही.

सुरक्षित जागा विचारलीच, तर ती बाई कदाचित तेंदूफळीचं नाव घेईल. तिथे सगळ्यांचे पुडे मोजले जातात, आणि कोण आलं नाही ते लगेच कळतं.