अमर्ष आणि ओवी

भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन जाणारे, भाव मोजले आहेत, त्यांतला एक अमर्ष. विद्येने, पैशाने किंवा सत्तेने वरचढ असलेल्या माणसाने अपमान केला की तो उपजतो. नटाने तो कसा दाखवायचा हेही भरत सांगतो: मान हलते, घाम येतो, तोंड खाली घालून माणूस विचार करत बसतो. हे वाचताना मला नात्यातल्या एक काकू दिसतात. वाटणीत सासूबाईंचा तांब्याचा बंब धाकट्या जावेकडे गेला. पुढे घरोघर गीझर आले, बंब माळ्यावर पडला, जाऊही वारली. पण काकूंची मान तशीच हलायची आणि हकिगत त्याच वाक्यांनी, त्याच क्रमाने यायची. मध्येच कोणी वेगळं काही विचारलं, तर त्या पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करायच्या.

भरताने अमर्षाला स्थायी भावांच्या पंगतीत बसवलं नाही. शोक स्थायी, त्याचा करुण रस होतो. क्रोध स्थायी, त्याचा रौद्र होतो. अमर्ष मात्र येतो, मोठ्या भावाला बळ देतो आणि जातो. जायला आलेलं मुक्कामाला राहिलं की माणूस अडकतो. 1887 साली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने नीतीच्या उगमाचा शोध घेताना याच अडकण्यावर बोट ठेवलं: असा माणूस आपणहून काही करत नाही, त्याची प्रत्येक कृती म्हणजे कोणाला तरी दिलेलं उत्तर असतं. मला हे निदान पटतं. ‘सोडून द्या’ हा चारचौघांचा उपाय मात्र निर्दय वाटतो. दुखावलेल्या माणसाच्या हाती पुष्कळदा तेवढी एक तक्रारच उरलेली असते. दुसरं काहीही न देता तीही टाक म्हणायचं?

लक्ष्मीबाई टिळकांकडे तक्रारीला काय कमी होतं! वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं धान्यही धुतल्याशिवाय घरात यायचं नाही. अशा घरातल्या मुलीचा नवरा, कवी नारायण वामन टिळक, 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती झाला. तिला न विचारता. त्याआधीही न सांगता घरातून निघून जायचं आणि हाती आलेला पैसा वाटेल त्याच्या अडचणीत घालायचा, हे चालूच होतं. पदरी लहान मुलगा, नात्यागोत्यात नाचक्की, अशी काही वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि 1900 साली स्वतःही बाप्तिस्मा घेतला. पण मधली वर्षं कोणी भरून देणार नव्हतं.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूपात आलं, तेव्हा टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आरोपपत्र लिहायचं, तर उलटतपासणी घ्यायलाही कोणी उरलं नव्हतं. बाईंनी प्रसंग लिहिले. आरोप करायला समोरच्याचा गुन्हा पुरतो. प्रसंग लिहायचा तर तो कुठे उभा होता, काय म्हणाला, त्या क्षणी त्याला काय खरं वाटत होतं, हे सगळं पाहावं लागतं. त्याला त्याची वाक्यं द्यावी लागतात. म्हणून त्या पुस्तकात टिळक बेफिकीर आहेत, तापट आहेत, आणि त्याच पानावर लहान मुलासारखे निर्मळही आहेत. बाई स्वतःलाही सोडत नाहीत. आपल्या फजितीवर मनमोकळं हसतात. हा न्यायीपणा मनाच्या मोठेपणातून आला असेलच, पण मला वाटतं तो बराचसा लिहिण्याच्या कामातून आला. प्रसंग जिवंत करायचा तर अर्धा माणूस चालत नाही. काकूंच्या हकिगतीत धाकटी जाऊ कधी एक शब्दही बोलली नाही.

बाईंनी चुकीला बरोबर म्हटलेलं नाही. आजही ते पुस्तक वाचताना टिळकांचा राग येतो. फरक एवढाच, की तो आता आपल्याला येतो. भरताच्या रसविचाराचा अर्थ लावणाऱ्या भट्टनायकाने साधारणीकरण म्हटलं ते हेच असावं: भाव एका माणसाच्या मालकीचा राहत नाही, आणि ज्याच्यावर तो बसला होता तो माणूस हलायला मोकळा होतो.

आणि बाई हलल्या त्या कुठल्या दिशेने! टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र हाती घेतलं होतं, ते दहा-अकरा अध्यायांवर राहिलं. ज्या धर्मांतराने संसार उधळला, त्याच धर्माचं हे काव्य, आणि तेही ज्याने उधळला त्याचं अर्धवट राहिलेलं. नवऱ्याने अधूनमधून करून दिलेल्या अक्षरओळखीवर उभ्या असलेल्या या बाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले. पतिनिष्ठा म्हणून याची बोळवण करतात ते मला पटत नाही. निष्ठेपोटी फार तर हस्तलिखित जपून ठेवता येतं. साठ अध्याय लिहायला ओवीची गोडी लागावी लागते, उद्याच्या अध्यायात काय येणार याची ओढ लागावी लागते. 1936 साली बाई गेल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर, आणि त्यात टिळकांपेक्षा त्यांच्याच ओव्या कितीतरी जास्त आहेत.