कोळ्याचा व्यापाराशी काय संबंध?

टूथ केव्ह कोळी जेमतेम दीड मिलिमीटरचा. लेप्टोनेटिडी या कुळातला. भूमध्य समुद्राभोवती, पूर्व आशियात आणि उत्तर अमेरिकेत या कुळातले कोळी ओल्या पालापाचोळ्यात, दगडांखाली, गुहांत राहतात. डोळे बहुधा सहा: चार पुढे, दोन जरा मागे. टूथ केव्ह कोळी मात्र टेक्सासमधल्या ऑस्टिनजवळच्या चुनखडीच्या गुहांतच सापडतो. फिकट अंग, सडसडीत लांब पाय, अधू नजर. छताला, भिंतीला बारीक जाळं विणून त्याला लोंबकळत असतो. १९८८ साली तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला, कारण ऑस्टिन वाढत वाढत त्याच्या डोक्यावर येऊन ठेपलं होतं.

पुढे, यादीमुळे बांधकाम अडल्यावर, गुहा असलेल्या एका जमिनीच्या मालकांनी सरकारलाच न्यायालयात खेचलं. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. केंद्राचा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या अधिकारावर उभा आहे. आणि हे गुहेतले जीव ना कोणी विकत घेतं, ना विकतं. मग केंद्राचा संबंध काय? २००३ साली अपील न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. प्रजाती एकमेकींवर अवलंबून असतात, म्हणून एकेक सुटी काढून तिची किंमत करता येत नाही. त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो, आणि तसा केला की व्यापाराशी संबंध येतोच, असं न्यायालयाचं म्हणणं.

मला हा निकाल मनापासून पटतो. तरी एक गोष्ट सलते: लाखो वर्षांच्या अंधारात घडलेल्या जिवाला जगू द्यायचं, तर त्याचं नाव व्यापाराच्याच खात्यावर चढवावं लागलं.

एकेक सुटी काढता येत नाही, हे मात्र गुहेत शब्दशः खरं आहे. तिथे ऊन नाही, म्हणून हिरवं पान नाही. अन्न वरून येतं. पावसाच्या पाण्याबरोबर पाचोळा वाहून येतो, झाडांची मुळं खाली उतरतात. आणि गुहेतले रातकिडे रात्री बाहेर चरून परततात. त्यांची विष्ठा, अंडी, मेलेली शरीरं यांवर खालचे बारीक जीव पोसतात आणि त्या जिवांवर कोळी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या आग्या मुंग्या या रातकिड्यांच्या मुळावर उठल्या आहेत. उकरलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीत त्या झपाट्याने पसरतात.

त्यामुळे गुहेच्या तोंडाला जाळीचं दार बसवून काम भागत नाही. रातकिडे शंभरेक मीटरपर्यंत फिरतात. तेवढं गवत, तेवढी झाडं जागच्या जागी राहायला हवीत. तेवढ्याच जागेत बरीच घरंही बसतात, आणि ऑस्टिनमध्ये खरा तंटा त्या जागेचा आहे.