टिटवीचा समुद्र कोणता?

टिटवीदेखील समुद्र आटविते, ही म्हण आमच्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. जिचीं अंडीं समुद्रानें नेलीं त्या पक्षिणीची पंचतंत्रांतील कथा ऐकून मनास समाधान वाटतें, तें केवळ दुबळ्याच्या विजयामुळें नव्हे; तेथें अपराधी एकच आहे व त्याचें नांव ठाऊक आहे. गाऱ्हाणें कोणाविरुद्ध न्यावें हें टिटवीला शोधावें लागत नाहीं.

तिच्याच कुळांतील एका जातीचें गाऱ्हाणें असें सोपें नाहीं. थव्यानें हिंडणारी ही टिटवी कझाकस्तानच्या गवताळ माळांवर वीण करिते आणि हिवाळ्यांत एका वाटेनें सीरियावरून सुदानकडे, तर दुसरीनें कच्छ-राजस्थानकडे येते. गणना पाणथळ पक्ष्यांत, पण आवड कोरड्या जमिनीची, आणि तीही गुरांनीं चरून खुरटलेल्या गवताची! मनुष्याचा वारा नको म्हणणारी ही वनवासिनी नव्हे; कळपाच्या आश्रयानें घर मांडणारी शेजारीण आहे. १९५४ पासून सोव्हिएत सरकारनें तेथील माळ नांगरून गहूं पेरला. हेतु धान्य वाढावें हाच. १९९१ मध्यें तें राज्य मोडलें, सामुदायिक शेतांवरील गुरें गेलीं, गवत माजलें. उरलेलीं गुरें गांवालगत चरूं लागलीं. टिटव्या त्यांच्यामागें आल्या, आणि कांहीं घरटीं त्याच खुरांखालीं तुडविलीं गेलीं. वाटेंत शिकाऱ्यांच्या बंदुका होत्याच. २००४ मध्यें ही जात जगांतील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणली गेली.

यांत समुद्र कोणता? गहूं पेरणाऱ्यास दोष देववत नाहीं. गुराख्यास तर नाहींच. शिकाऱ्यानें मारलेलीं दोन पांखरें त्याच्या हिशेबीं दोनच. प्रत्येकाचा वांटा इतका लहान, कीं त्यास पाप म्हणतांना जीभ अडखळते. म्हणून कोणी याला दैवगति म्हणेल. बेरीज कोणासच ठाऊक नव्हती तोंवर आम्हीही तसेंच म्हटलें असतें. परंतु २००७ सालीं, यंत्र बांधलेल्या एका टिटवीचा उपग्रहाच्या साहाय्यानें माग काढीत गेलेल्या संशोधकांस तुर्कस्थानांत ३,००० हून अधिक टिटव्या आढळल्या. आतां त्यांचीं उतरण्याचीं ठिकाणें व त्यांचे मारेकरी अज्ञात राहिलेले नाहींत. अशा वेळीं दोष मारणाऱ्या हाताकडून जाणणाऱ्या मनाकडे सरकतो, असें आम्हांस वाटतें; आणि जाणणारे म्हणजे नकाशे वाचणारे तुम्हीआम्हीच.

मात्र २०११ पासून वर्षानुवर्षें जेथें मेलेल्या माणसांचीही मोजदाद धड झाली नाहीं, त्या सीरियांतील शिकाऱ्यास हा पक्ष्यांचा हिशेब कोणत्या तोंडानें सांगावा?