एकशे ऐंशी किलोंचा डबा

उन्हाळ्यात दारव्ह्याला घरी गेलो होतो, तेव्हा आमच्या गल्लीतला एक मुलगा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. आठवी संपवून नववीत जाणारा. एलिमेंटरीची परीक्षा पास झाला होता, आता इंटरमिजिएटला बसायचं होतं. मी छोटा रंगांचा डबा खिशात घालून कुठेकुठे जाऊन चित्रं काढत बसतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं विचारलं, "दादा, वॉटर कलरचा कोणता डब्बा घेऊ? सोबत नेता आला पाहिजे. अन् लय महाग नको."

मी त्याला पाऊण तास उत्तर दिलं.

त्या पाऊण तासात मी खोटं असं काहीच सांगितलं नाही. जलरंग म्हणजे रंगद्रव्य आणि डिंक. डिंक बाभळीच्या जातीतल्या झाडाचा, आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीचा चुलतभाऊच. स्वस्त वड्यांमध्ये रंगद्रव्य कमी आणि खडूसारखी पांढरी भर जास्त असते, म्हणून रंग पारदर्शक न राहता पिठूळ दिसतो. चांगल्या रंगावर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीन असेल तर पीबी २९. एकाच रंगद्रव्याचे रंग एकमेकांत मिसळले तर स्वच्छ राहतात, आधीच तीनचार द्रव्यं मिसळून केलेले रंग पुन्हा मिसळले की गढूळ होतात. काही गुलाबी आणि जांभळे रंग उजेडात उडून जातात. ते तपासायचं असेल तर रंगाची पट्टी काढावी, अर्धी पुठ्ठ्यानं झाकून काही महिने खिडकीत ठेवावी, फरक आपोआप दिसतो. आणि हे सगळं सांगून शेवटी म्हणालो, "स्वस्तातला घेऊच नको. हात खराब होतो. थोडं थांब, पैसे जमव, पण बारा रंगांचा का होईना, चांगला घे." विन्सर अँड न्यूटनच्या कॉटमन रंगांचा छोटा डबा त्याला मोबाइलवर दाखवला. तेव्हा तो अठराशेच्या आसपास होता. तो म्हणाला, "ठीक आहे दादा," आणि गेला.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा वावरं पांढरी झाली होती. वेचणी सुरू होती. तो दोनतीन दिवस दिसला नाही, मग एका संध्याकाळी भेटला. बोटांची टोकं बोंडांनी ओरखडलेली. मी विचारलं, "काय म्हणते इंटरमिजिएट?"

"नाही बसलो."

"का रे?"

"कलर नव्हते ना." आणि मी काही बोलायच्या आत, तक्रारीच्या सुरात नाही, हिशेब सांगावा तसं म्हणाला, "तुमचा डब्बा एकशे ऐंशी किलोचा आहे दादा. दहा रुपये किलोनं. माझे एकशे दहा झाले. सत्तर राहिले."

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. शाळकरी मुलगा सुट्टीच्या दिवशी वीस-बावीस किलो वेचतो. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लागते आणि परीक्षा त्याआधीच होऊन गेली होती. माझं "थोडं थांब" त्याच्या वर्षात नेमकं कुठे जाऊन पडणार होतं, हे मला कळायला हवं होतं. मी याच गावचा आहे. कापसाचा पैसा कोणत्या महिन्यात येतो हे मला कोणी शिकवावं लागत नाही.

तेव्हापासून मला एक प्रश्न छळतो आहे, आणि तो रंगांपुरता नाही. एखाद्यानं सल्ला विचारला, आपण जे खरं आहे तेच सांगितलं, त्यात आपला काही स्वार्थ नव्हता, तरीही त्याचं नुकसान झालं. तर आपण चुकलो का? आणि चुकलो तर नेमकं कशात?

पहिलं उत्तर सोपं आहे. मी त्याचा प्रश्नच ऐकला नव्हता. तो विचारत होता, "मला कोणता?" मी सांगत होतो, "उत्तम कोणता?" आमच्या धंद्यात एक कुप्रसिद्ध वाक्य आहे. प्रोग्रॅम ग्राहकाकडे बंद पडतो आणि लिहिणारा म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतोय." ते वाक्य खोटं नसतं. त्याच्या मशीनवर तो खरोखरच चालत असतो. माझा सल्लाही माझ्या पगारावर चालत होता.

पण हे उत्तर मला पुरत नाही. कारण उलट बाजूचा सल्लाही मी ऐकलेला आहे आणि तो मला आवडलेला नाही. "तुला काय करायचे एवढे महागडे रंग? शाळेच्या परीक्षेला साध्या वड्या पुरतात." हे वाक्य ऐकून मी मोठा झालो. त्यात समोरच्याची ऐपत बघून त्याच्या इच्छेची उंची ठरवलेली असते. त्याला चांगल्या गोष्टीचं नावही कळू द्यायचं नाही, म्हणजे ती न मिळाल्याचं दुःख नको. ही दया नाही, हा अपमान आहे. आणि वाईट साधनानं होणारा तोटाही खराच असतो. पातळ कागद पाण्यानं फुगतो, ब्रशचे केस चित्रात चिकटून बसतात, निळा वडीतून सुटतच नाही. शिकणाऱ्या मुलाला यातलं काही माहीत नसतं. त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. कितीतरी मुलांनी चित्र काढणं सोडलं ते कागदाचा दोष स्वतःच्या हातावर घेऊन. मग त्याला मी "काहीही घे" म्हणायला हवं होतं का?

इथे मला आपल्या भाषेतलं एक क्रियापद उपयोगी पडलं. परवडणं. जाहिरातीत "अफोर्डेबल" हा शब्द वस्तूला चिकटवून येतो, जणू परवडणं हा तिच्या वजनासारखा गुण आहे. मराठीत नुसतं "परवडतं" म्हणून चालत नाही, कोणाला ते सांगावं लागतं. मला, तुला, त्याला. व्याकरणच विचारतं, कोणाच्या खिशातून? आणि याच क्रियापदाचा दुसराही अर्थ आहे. "त्याच्याकडे मागण्यापेक्षा उपाशी राहिलेलं परवडलं," असं आपण म्हणतो. तिथे पैशाचा हिशेब नसतो. दोन वाइटांतलं कोणतं सोसवेल, याचा निवाडा असतो. माझ्या पाऊण तासाचं सार या दुसऱ्या अर्थानं मांडलं तर असं होतं: वाईट रंगांपेक्षा रंग नसलेले परवडले. असं सरळ कोणी माझ्या तोंडावर म्हटलं असतं, तर मी लगेच म्हणालो असतो, छे, हे चूक आहे. पण मी तेच सांगून आलो होतो. रंगद्रव्यांच्या क्रमांकांखाली ते वाक्य मलाही दिसलं नाही.

आमच्याकडे "शेती परवडत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. म्हणणारा खोटं बोलत नाही, आणि मृगाचा पाऊस पडला की तोच माणूस सरकी लावायला वावरात जातो. त्याला हिशेब येत नाही असं नाही. पेरलंच नाही तर काय उरतं, हा त्याच हिशेबातला एक आकडा असतो, आणि बाहेरून सल्ला देणाऱ्याच्या कागदावर तो नसतो. रंगांच्या बाबतीत मी तोच आकडा सोडला होता. चांगल्या डब्याची किंमत मी मांडली, वाईट डब्याचा तोटा मांडला, पण न काढलेल्या सहा महिन्यांच्या चित्रांची किंमत मांडली नाही. नववीतल्या मुलाचे सहा महिने.

मग मी माझे मुद्दे पुन्हा तपासले. रंग उडून जाण्याचा मुद्दा घ्या. टर्नरसारखा चित्रकारही उडणारे लाल रंग वापरत असे. त्याच्या काही चित्रांतल्या आकाशातली लाली आज उरलेली नाही. चित्र विकत घेणाऱ्याला टिकाऊ रंग देणं लागतो, कारण तिथे एक वचन असतं. पण सराव करणारा कोणाला वचन देत नाही. त्याचं चित्र दोन वर्षांनी फिकं पडलं तर पडलं, हाताला जे यायचं ते तोवर आलेलं असतं. विकणाऱ्याची नीती मी शिकणाऱ्यावर लादली होती.

डब्याचंही तसंच. इंग्लंडमध्ये रीव्ह्ज बंधूंनी १७८०च्या सुमाराला रंगाची तयार वडी काढली, त्याआधी चित्रकाराला रंग स्वतः घोटावे लागत. १८३५मध्ये विन्सर अँड न्यूटननं ग्लिसरीन घातलेला ओलसर रंग छोट्या वाट्यांमध्ये आणला, जो ओल्या ब्रशनं लगेच सुटतो. आज मी ज्याला "चांगला डबा" म्हणतो तो या वाट्यांचाच वंशज, आणि या दोन्ही गोष्टी केल्या गेल्या त्या काम सोपं व्हावं, रंग घेऊन बाहेर पडता यावं म्हणून. आपल्याकडे दांडेकरांनी १९३१मध्ये मुंबईत कारखाना काढला, आणि महाराष्ट्रातल्या दप्तरांमध्ये उंटाचं चित्र असलेल्या पेट्या पोचल्या. माझीही पहिली पेटी तीच होती. माझा हात तिनं खराब केला नाही, तिच्यावरच तो चालायला शिकला. ते मी त्या पाऊण तासात सांगितलं नाही.

हे का सांगितलं नाही, याचा विचार करताना आणखी एक नकोशी गोष्ट सापडली. माझ्याकडे आज तीन डबे आहेत. प्रत्येक घेण्याआधी मी रात्र रात्र तुलना केली, एक्सेलमध्ये रकाने आखले: वजन, वाट्यांची संख्या, प्रत्येक वाटीची किंमत, झाकणातले मिसळायचे खण. त्या रात्रींत मी चित्रं काढलेली नाहीत. निवड करणं हेच काम केल्यासारखं वाटतं आणि त्यात हरण्याची भीती नसते. तो मुलगा आला तेव्हा मी माझी ती विद्या दाखवत होतो. ऐकणारा मिळाला याचा मला आनंद झाला होता. तिन्हींपैकी एक डबा त्या क्षणी माझ्या पाठपिशवीत होता. तो त्याला द्यावा, निदान आठ दिवस वापरायला द्यावा, हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

म्हणून माझी चूक मला आता अशी दिसते. सल्ला देणाऱ्याला बरोबर असण्याचा फायदा लगेच मिळतो, आणि सल्ल्याची किंमत दुसराच भरतो, पुढे कधीतरी, आपण गावात नसताना. हे अंतर असतंच. म्हणूनच खरं सांगून सुटका होत नाही. ज्याला सांगतो त्याला उद्या सकाळी काय करता येईल, हेही सांगणं लागतो. ते येत नसेल तर निदान विचारावं, "तुझ्याकडे किती आहेत?" हा प्रश्न मी विचारला नाही, कारण मला तो अपमानास्पद वाटला. त्याला वाटला नसता. "लय महाग नको" म्हणून त्यानं स्वतःच तो सुरू केला होता.

विचारला असता तर उत्तर असं देता आलं असतं. दीडशेच्या आतली वड्यांची पेटी घे. बारापैकी दोन पिवळे, एक लाल, अल्ट्रामरीनसारखा निळा आणि विटकरी तपकिरी, एवढेच वापर. निळा आणि विटकरी मिसळून राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं मिळतं. उरलेले पैसे कागदावर घाल, कारण पाणी सगळ्यांत आधी कागदच सोसतो. जाड कागदाची एक शीट घेऊन पोस्टकार्डाएवढे तुकडे काप. एकच गोल ब्रश, आठ नंबरचा, टोक धरणारा. जुन्या औषधाच्या बाटलीत पाणी. हे सगळं शर्टाच्या खिशात नाही, पण दप्तरात मावतं. आणि रंग पिठूळ दिसला, तर तो वडीचा दोष आहे, तुझ्या हाताचा नाही. हे शेवटचं वाक्य दोन्ही बाजूंच्या सल्ल्यांत नसतं. स्वस्त साधन देताना त्याची मर्यादाही सांगितली, तर "तुला काय करायचे महागडे" याच्यातला अपमान बराचसा निघून जातो.

दिवाळीत हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

मी पिशवीतला डबा काढून पुढे केला. त्यानं उघडून पाहिला, वाट्यांवर बोट फिरवलं आणि परत दिला. "नको दादा. आता होतच आले ना माझे." त्याच्या एकशे दहा किलोंवर मी माझा डबा ठेवायला निघालो होतो, हे मला त्यानं परत दिल्यावर समजलं. कागद मात्र घेतला. शंभर टक्के कापसाचा आहे म्हटल्यावर हसला. चांगला जलरंगाचा कागद कापसापासून होतो, बऱ्याचदा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून. त्यानं कागद उजेडात धरला आणि विचारलं, "हा किती किलोचा?" मी किंमत सांगितली. त्यानं मनातल्या मनात भागाकार केला आणि पुढे काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मेन रोडवरच्या दुकानातून वड्यांच्या दोन पेट्या घेतल्या, त्याची त्यानं, माझी मी. आणि मोतीबाग स्टेशनकडे गेलो. कापूस वाहून न्यायला घातलेल्या शकुंतलेच्या छोट्या रुळांवरून आता गाडी जात नाही. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन तर १९९४मध्येच काढलं, आम्ही दोघंही ते पाहिलेलं नाही. रूळ गवतात बुडालेले होते. मी पेटी उघडून निळ्यावर ब्रश घासू लागलो. रंग सुटेना. इतक्या वर्षांच्या ओलसर वाट्यांनी माझी सवय मोडली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाटलीच्या झाकणानं माझ्या प्रत्येक वडीवर पाण्याचा एकेक थेंब टाकला आणि म्हणाला, "पाच मिनिटं भिजू द्या लागते."

आम्ही पाच मिनिटं थांबलो. यंदाची परीक्षा गेली ती गेलीच. सत्तर किलो तो अजून वेचणार आहे.