गळकी टाकी आणि न सांगितलेला दोष



आपल्यापैकी बऱ्याच घरांसमोर दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी उभी असते. हप्ते केव्हाच फिटलेले असतात आणि गाडी अजून चालते. ती दुरुस्त करून वापरणे हा चांगला गुण आहे. वस्तू जरा बिघडली की फेकून देण्याच्या आजच्या सवयीपेक्षा तो कितीतरी बरा. मात्र ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळी कामे करत असतो. एका कामात दोष नाहीसा होतो, दुसऱ्यात तो नुसता झाकला जातो. आज गळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्रोल टाकीचे उदाहरण घेऊन हा फरक पाहू या.

पूर्वी टाक्या पत्र्याच्या असत. आता अनेक गाड्यांत त्या पॉलिइथिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या असतात. हे प्लॅस्टिक हलके असते आणि गंजत नाही, पण त्याला तडा गेला की पंचाईत होते. त्यावर गोंद किंवा एपॉक्सी नीट धरत नाही. लावलेला लेप काही दिवस थेंब थांबवतो. मग पेट्रोलमुळे प्लॅस्टिक थोडे फुगते, रस्त्यावर गाडी हादरत राहते आणि लेपाची कड सुटते. साबणाची वडी चोळणे हा तर गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता उपाय. त्याच जातीच्या प्लॅस्टिकने वेल्डिंग करता येते, पण त्यासाठी उष्णता लागते, आणि तिथेच खरा धोका आहे. हवेत साधारण दीड टक्का पेट्रोलची वाफ असली तरी ठिणगीने भडका उडू शकतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणूनच जाणकार मेकॅनिक भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीला अधिक भितो. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

मग करायचे काय? आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचे. पुष्कळदा टाकी धड असते आणि पंपाच्या झाकणाखालचे रबरी सील किंवा पेट्रोल भरण्याच्या नळीचा जोड खराब झालेला असतो. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येत असेल, तर दोष बहुधा वरच्या बाजूला असतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या गाड्यांतील काही रबरी भागांना मानवत नाही, हेही लक्षात ठेवावे. सील बदलणे हे टाकी बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडते. टाकीलाच तडा असेल, तर मात्र टाकी बदलावी. नवी परवडत नसेल, तर त्याच मॉडेलची जुनी पण धड टाकी तपासून घेऊन बसवता येते. संत थॉमस अक्वायनस ज्याला विवेक म्हणतात तो हाच. विवेक म्हणजे भित्रेपणा नव्हे. काय करायचे याचा नीट विचार करून मग ते करणे, असा त्याचा अर्थ.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. समजा, लेप लावून थेंब थांबला आणि गाडी विकायची आहे. “घेणारा बघून घेईल, माझे काय जाते?” असे सहज म्हटले जाते. हा वाद फार जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात रोड्स बेटावरच्या दुष्काळात धान्य घेऊन आलेल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे का? कायदा सांगतो तेवढे दोष सांगितले की पुरे, असे डायोजिनीसचे मत. अँटिपेटर मात्र म्हणतो, विकणाऱ्याला ठाऊक असलेले सारे घेणाऱ्याला कळले पाहिजे.

तेराव्या शतकात अक्वायनस यांनी यात एक उपयुक्त भेद केला. मागून येणाऱ्या जहाजांबद्दल व्यापारी गप्प राहिला, तर तो न्याय मोडत नाही. सांगितले तर त्याचा मोठेपणा. विकायच्या वस्तूतच दोष असेल तर गोष्ट वेगळी. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे हे उघड दिसते. तिथे किंमत त्या मानाने कमी केली की झाले. पण जो दोष डोळ्यांना दिसत नाही आणि ज्यातून नुकसान किंवा धोका संभवतो, तो सांगितलाच पाहिजे. न सांगणे ही फसवणूक होय.

गळक्या टाकीला या दोन्ही कसोट्या लागू पडतात. बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते. घेणारा ती पाहत नाही. त्याच सीटवर मुले बसतात. म्हणून हा दोष झाकलेलाही आहे आणि धोक्याचाही.

कुणी म्हणेल, “फादर, खरे सांगितले तर किंमत पडते. घरात अडचण आहे म्हणूनच गाडी विकतो आहोत.” ही अडचण खरी आहे, आणि तिला हलके लेखू नये. पण दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून पाहा. खरे सांगितल्याने आपले नुकसान होते ते मोजता येते. गप्प राहिल्याने घेणाऱ्याचे किती होईल ते मोजता येत नाही, आणि तो भार उचलायला त्याने होकारही दिलेला नसतो. ज्याला दोष ठाऊक आहे, त्यानेच त्याचा भार उचलणे न्याय्य आहे. शिवाय, घेणाराही कदाचित अडचणीतलाच असेल. जुनी गाडी सहसा तोच घेतो.

विक्री नसली तरी हे कर्तव्य सुटत नाही. लग्नसराईत शेजाऱ्याला चावी देताना, गॅरेजमधल्या पोराला ‘एवढे वेल्डिंग उरकून टाक’ म्हणताना, ज्याला धोका ठाऊक नाही अशा माणसाच्या अंगावर आपण तो ढकलत असतो.

येत्या आठवड्यात आपल्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो का ते पाहा. येत असेल तर गळती सापडेपर्यंत गाडी घराखाली, देवघराच्या दिव्याजवळ किंवा चुलीपाशी लावू नका. मेकॅनिककडून स्वस्तातली जोडाजोड मागण्याआधी त्याचे मत विचारा. आणि गाडी दुसऱ्याच्या हाती देताना, तिच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे तेही त्याच्या हाती द्या.

आपला,
धर्मगुरू