खळ्याचें मोल

(२ शमुवेल २४:१८-२५)

खळें म्हणजे काय हें बारामती-इंदापुराकडील मंडळ्यांस समजावून सांगावयास नको. आतां मळणी यंत्रावर होते. तथापि सारवलेलें खळें, मधला तिवडा व भोंवतीं फिरणारे बैल ज्यांनीं पाहिले असे वडीलजन अद्याप आपल्यांत आहेत. अरवना यबूशी याचें खळें असेंच होतें. देशांत मरी चालू होती, आणि देवास अर्पण करण्याकरितां दावीद राजा तें खळें मागावयास आला. अरवनानें खळें, बैल, एवढेंच नव्हे तर जळणाकरितां औतें व जूं हीं देखील फुकट देऊं केलीं. ज्यास आपली कवडीही लागली नाहीं असें अर्पण देवापुढें नेण्यास राजाचें मन धजेना. त्यानें पन्नास शेकेल रुपें मोजून दिलें.

हा उतारा वाचतांना आम्हांस राजापेक्षां शिक्षकांचीच आठवण अधिक होते. विद्येचें धान्य आपल्या पदरांत बहुधा फुकट पडतें. त्याचें मोल दुसऱ्या कोणीं तरी दूर देशीं भरलेलें असतें.

पंडिता रमाबाईंचें मुक्ति मिशन आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांवीं आहे. बारामतीहून आगगाडीनें पुण्यास जातांना तें स्थानक लागतें. तेथील कार्याची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. त्याचें मोल कोणीं भरलें हें थोडेच विचारतात. इ. स. १८८२ च्या फेब्रुवारींत रमाबाईंचे पति वारले. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक विकून त्यांनीं विलायतेच्या प्रवासाचा खर्च उभा केला, आणि १८८३ सालीं दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन त्या बोटींत बसल्या. वैद्यकी शिकण्याची त्यांची इच्छा होती. पण कान मंद होत चालल्यामुळें ती सोडावी लागली. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षीं तेथें मृत्यु झाला. अशा दुःखांतही चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयांत त्या स्वतः शिकल्या व तेथेंच संस्कृत शिकवूं लागल्या. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि लहान मुलांस शिकविण्याची किंडरगार्टन पद्धति शिकण्याकरितां अमेरिकेंतच राहिल्या. मनोरमेस मात्र इंग्लंडांत वाँटेजच्या भगिनींकडे परत पाठवावें लागलें. पांच वर्षांचें मूल एका खंडांत व आई दुसऱ्या खंडांत!

येथें आम्ही अडखळतों. दाविदानें आपल्या पदरचें रुपें दिलें. ह्या आईनें जें मोजलें त्यांत मुलीचेंही कांहीं होतें, आणि मुलीस कोणीं विचारलें नव्हतें. उपदेशकांनीं ही गोष्ट झांकून केवळ धैर्याचें वर्णन करावें हें आम्हांस योग्य वाटत नाहीं; आम्हीही आजवर तसेंच करीत आलों हें कबूल केलें पाहिजे. त्याग म्हटला कीं तो एकट्याचा असें आपण धरून चालतों. परंतु शिक्षक परदेशीं शिकावयास जातो तेव्हां घरची म्हातारी, शाळेंत जाणारें पोर, शेतावर एकटा राहिलेला भाऊ, हे सर्व न विचारतां त्यांत ओढले जातात.

आणि मंडळी काय करते? आजही एखादी शिक्षिका शिकण्याकरितां परदेशीं निघाली म्हणजे निरोपाच्या दिवशीं तिला हार घालते, आणि पुढच्या रविवारीं प्रार्थनामंदिराच्या दारांतच “पैशासाठीं गेली, लेकरूं टाकून गेली” असें बोलते. बंधूंनो, तिची विद्या उद्यां आपल्याच मुलांच्या उपयोगीं पडणार, आणि तिच्याकरितां आपण एक शेकेलही मोजला नाहीं! आपणांस देतां येईल तें मोल फार नाहीं. त्या लेकरास सायंकाळीं अभ्यासास घेऊन बसणें, आजीस दवाखान्यांत नेणें, उपासनेस येतांना त्यांच्या दारावरून येणें, एवढेंच. हें काम मंडळीच्या वडिलांनीं पाळकावर ढकलूं नये. पाळकानें तें पाळकीणबाईवर ढकलूं नये.

रमाबाई १८८९ सालीं परत आल्या व ११ मार्च रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या मुलींस केडगांवीं आसरा मिळाला. मनोरमाही मोठी झाल्यावर अमेरिकेंत जाऊन शिकून आली, आणि आईच्याच कार्यांत तिचा उजवा हात झाली. १९२१ च्या जुलैंत ती वारली. तिच्यामागें आई नऊ महिनेही राहिली नाहीं.