फळ्या बदलल्या, मग नौका कोणती?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲन्स्ट्रदर गावात मासेमारीचं एक संग्रहालय आहे. १९६९ साली सुरू झालेल्या या ‘स्कॉटिश फिशरीज म्युझियम’च्या मालकीची ‘रीपर’ नावाची नौका आहे. हेरिंग मासे धरण्यासाठी ती १९०२ मध्ये बांधली गेली. लांबी सुमारे ७० फूट, डोलकाठ्या दोन. पुढे तिच्यात इंजिन बसलं. दुसऱ्या महायुद्धात ती सरकारी कामाला जुंपली गेली. मग शेटलंड बेटांवर ‘शेटलँडर’ या नावाने माल वाहू लागली. १९७५ मध्ये संग्रहालयाने तिला विकत घेतलं, जुनं नाव परत दिलं आणि पुन्हा शिडांची केली.

आता प्रश्न असा, की जतन झालं ते नक्की कशाचं? लाकडी नौका समुद्रात ठेवायची तर कुजलेलं लाकूड काढून नवं घालावंच लागतं. अथेन्सवाल्यांनी दंतकथेतला वीर थिसियस याच्या नौकेच्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि नौका तीच राहिली का, हा तत्त्वज्ञांना वादाचा विषय मिळाला, हे ग्रीक लेखक प्लूटार्कने नोंदवलं आहे.

हा वाद भारताला नवा नाही. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो, की हे सगळे भाग मिळून चालतं ते केवळ व्यवहारातलं नाव. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखरच असतो. पण त्याची किंमतही त्यांनी चुकवली: अवयव बदलले, की जुना अवयवी नष्ट होऊन नवा जन्मतो. वस्त्रातले काही धागे काढले तर उरतं ते दुसरंच वस्त्र, ‘खंडपट’.

म्हणजे शतकानुशतकं एकमेकांशी भांडलेले हे दोन पंथ ॲन्स्ट्रदरच्या धक्क्यावर एकाच निकालाला येतात. १९०२ ची नौका तिथे नाही. बौद्धांच्या मते ती नावापलीकडे कधी नव्हतीच, नैयायिकांच्या मते होती, पण पहिली फळी बदलली तेव्हाच गेली.

धर्माचरण या कोंडीत सापडत नाही. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होडीची पूजा होते, तेव्हा मूळ फळ्या किती उरल्या हे कोणी मोजत नाही. गणपतीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते आणि ठरल्या दिवशी ती पाण्यात जाते. पुरीच्या जगन्नाथाचं उदाहरण आणखी बोलकं. नवकलेवराच्या वेळी कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात, जुन्या मूर्तींतला ‘ब्रह्मपदार्थ’ त्यांच्यात ठेवतात आणि जुन्या मूर्ती भूमीत पुरतात. २०१५ मध्ये हा विधी झाला. लाकूड नवं, जगन्नाथ तोच, आणि भक्ताला यात काही अडचण वाटत नाही.

या नजरेने पाहिलं तर संग्रहालय म्हणजे विसर्जनाला दिलेला नकार. जिचं काम संपलं ती वस्तू जाऊ द्यायची सोडून तिला धरून बसायचं कशासाठी?

याचं सर्वात ठोस उत्तर डेन्मार्कमधल्या रॉस्किलेच्या वायकिंग नौका संग्रहालयात मिळतं. शत्रूची वाट अडवण्यासाठी अकराव्या शतकात तिथल्या खाडीत मुद्दाम बुडवलेल्या पाच नौकांचे अवशेष १९६२ मध्ये बाहेर काढण्यात आले. त्यांतली लांबलचक युद्धनौका आयर्लंडमध्ये डब्लिनच्या परिसरात १०४२ च्या सुमारास बांधली गेली, हे तिच्या ओक लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून कळलं. शेजारची छोटी होडी नॉर्वेच्या पाइनची. ती मासेमारीसाठी बांधली असावी असं अभ्यासक मानतात. पुढे तिच्या कडेला आणखी एक फळी चढवून ती माल वाहण्याजोगी केली गेली. कुण्या अनामिक दर्यावर्द्याने धंदा बदलला, आणि त्याची एवढी एकच नोंद उरली, तीही लाकडात. नव्याने बांधलेली प्रतिकृती कितीही सुबक असो, बांधणाऱ्याला ठाऊक नसलेलं काही ती सांगू शकत नाही. जुनं लाकूड मात्र सांगतं.

म्हणून ‘वस्तू गेली तरी चालेल, परंपरा जगली पाहिजे’ हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी अर्धंच खरं आहे. उरलेला अर्धा भागही ॲन्स्ट्रदरनेच दाखवला. २००९ मध्ये या संग्रहालयाच्या पुढाकाराने फेअर आइल बेटाच्या पारंपरिक होडीवरून ‘सेंट आयल्स स्किफ’ हा वल्ह्यांच्या होडीचा नवा आराखडा तयार झाला. कापलेल्या प्लायवूडचे भाग आणायचे आणि गावाने मिळून होडी बांधायची. आज जगभरात अशा १०० हून अधिक होड्या आहेत. टीकाकार म्हणतील, ही हौस झाली, यात मासळी कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. वल्ही मारता येऊ लागली म्हणून हेरिंगचा थवा ओळखता येत नाही. तरीही एकीने होडी बांधणं आणि एका लयीत ती वल्हवणं, हे काचेआड ठेवता न येणारं काहीतरी परत आलं.

गोव्यात याच्या नेमकं उलट घडलं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज बांधलं गेलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. इथे जुन्या जहाजाची एक फळीही हाताशी नव्हती, होतं ते फक्त चित्र. पण काथ्याच्या दोरीने फळ्या शिवणारे केरळचे कारागीर होते. आकार अनुमानाने ठरला, शिवण मात्र त्यांच्या हाताला ठाऊक होती. यातली कोणती गोष्ट किती जुनी, हे वेगवेगळं सांगता येतं, आणि सांगायलाच हवं.

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत असताना हा काथ्याकूट रिकामपणाचा नाही. उद्या कोळ्यांची एखादी होडी संग्रहालयात येईल, तेव्हा तिच्याखाली फक्त बांधणीचं साल लिहून भागणार नाही. कोणती फळी कोणत्या वर्षी बदलली, कोणत्या सुताराने बदलली, इंजिन कधी बसलं, तांडेल कोण होता आणि शेवटची पूजा कोणत्या पौर्णिमेला झाली, इतकं तरी लिहावं लागेल. यातलं बरंचसं आज कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. नोंदवही घेऊन त्यांच्याकडे जायचं, तर होडी विकत घेण्याच्या आधी.